सावधान सरांची छाती

माझ्या सासऱ्यांना त्यांच्या शाळेत खऱ्या नावाने कुणीच ओळखत नसे. ते पी.टी.चे सर. मैदानावर, जिन्यात, मुतारीच्या रांगेत, जिथे मूल दिसेल तिथे ते "सावधान" म्हणून ओरडायचे आणि मूल जागच्या जागी ताठ व्हायचं. म्हणून ते सावधान सर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही रस्त्यात एखादा टक्कल पडलेला, ढेरपोट्या गृहस्थ त्यांना बघतो आणि नकळत पोट आत घेतो. सासरे त्या पोटाकडे प्रसन्न नजरेने पाहतात आणि पुढे चालू लागतात. आयुष्याचं सार्थक झालं असं त्यांना त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाटत राहतं.

छाती हा त्यांचा आवडता विषय. बाहेरच्या खोलीत त्यांचा तरुणपणीचा एक फोटो लावलेला आहे. त्यात कपाळ कापलं गेलंय, पण छाती इकडच्या काठापासून तिकडच्या काठापर्यंत पूर्ण आलीय. फोटोग्राफरला त्यांनी काय बजावलं असेल याची कल्पना येते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून सांगितलं की आमच्या घराण्यात कुणाला कधी साधा खोकलासुद्धा झालेला नाही. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. समोरच्या फळ्यावरचं अक्षर न दिसणारी आणि तरीही "मला चांगलं दिसतं, तुमचा फळाच पुसट आहे" म्हणून वाद घालणारी माणसं मी रोज बघते. त्यामुळे मी मान डोलावली आणि चहा टाकायला उठले.

त्यांची शिकवण्याची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना फार अभिमान. मुलांना दहा फेऱ्या पळवायच्या असतील तर ते वीस सांगायचे. मुलं दहाव्या फेरीला मरगळली की "जा, आज सोडलं" म्हणायचे. मुलं खूश, सर खूश. "पोरं नेहमी निम्म्यावर थांबतात," ते आम्हाला जेवताना समजावत. "म्हणून शिकवणाऱ्याने कायम दुप्पट मागायचं." ही युक्ती त्यांनी माझ्यावरही चालवून पाहिली. दोन किलो बटाटे आण म्हणाले. मी दोन किलो आणले. एवढे कशाला आणलेस म्हणून मग आठवडाभर तोंड फुगवून होते.

मला मुलगी झाली. सरांनी तिला पाळण्यातच कॅप्टन म्हणायला सुरुवात केली आणि मग घरीदारी सगळे तेच म्हणू लागले. कॅप्टन चालायला लागली, बोलायला लागली आणि तिला दमा निघाला. छातीत थोडीशी शिट्टी वाजते आणि पोर थोड्या वेळाने खेळायला जाते, असला दमा नव्हे. चांगला उरावर बसणारा. बोलताना दोन शब्दांनंतर थांबायची. मैदानात बाकावर बसून दुसऱ्यांच्या चपला सांभाळायची. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी तिचा चेहरा सुजायचा आणि उंची मात्र वाढायची थांबली. उंचीप्रमाणे उभं केलं की सावधान सरांची कॅप्टन रांगेत पहिली.

घरात दमा आला म्हटल्यावर तो कुठून आला हे ठरवणं आलंच. माझी एक मावशी आहे, तिला फुलांच्या वासाने शिंका येतात. तेवढ्या पुराव्यावर सरांनी माझं अख्खं माहेर दोषी ठरवलं. पाहुणे आले की ते खालच्या आवाजात सांगायचे, "आईकडून आलंय हो. आमच्याकडे असलं काही नाही." खालचा आवाज म्हणजे शेजारच्या इमारतीला ऐकू जाईल एवढा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नवऱ्याकडे बघावं तर तो बिचारा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, आणि वडिलांसमोर त्याचं तोंड बिघडलेल्या लिफ्टसारखं दोन मजल्यांच्या मध्येच अडकायचं. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, हे वेगळं सांगायला नको.

गेल्या हिवाळ्यात कॅप्टनला एवढा त्रास झाला की तिला आयसीयूत ठेवून ऑक्सिजन लावावा लागला. ओठ निळे पडले होते. ते दिवस मी कसे काढले ते मला सांगता येत नाही आणि सांगायचंही नाही. घरी आल्यावर डॉक्टरांनी आम्हाला मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. ज्या मुलांचा दमा कशालाच दाद देत नाही त्यांच्यासाठी तिथे महिन्यातून एक दिवस वेगळा दवाखाना भरतो. एकाच दिवशी, एकाच मजल्यावर, सगळ्या प्रकारचे तज्ज्ञ असतात. आई-बापांनी दारोदार हिंडू नये म्हणून ही सोय. हिंडायचं ते दारोदारच, फक्त दारं एका ओळीत असतात.

त्या मजल्यावरच्या भिंतींवर हसणारी फुप्फुसं रंगवली आहेत. डोळे, गाल, दात, सगळं काढलंय. आपल्या छातीतल्या अवयवाला दात असावेत असं कोणत्या मुलाला वाटेल कोण जाणे. खुर्च्या सगळ्या मुलांच्या मापाच्या. पहिल्या दारामागे नळीत फुंकायचं मशीन आणि मशीनवाल्या बाई, ज्या "फुंक, फुंक, फुंक, सोडू नको" असं ओरडतात की धडधाकट माणसालाही धाप लागावी. दुसऱ्या दारामागे हातावर थेंब ठेवून सुईने टोचतात आणि कशाची ॲलर्जी ते बघतात. तिसऱ्यामागे श्वासाचे व्यायाम शिकवणारा फिजिओ, चौथ्यामागे आहारतज्ज्ञ, पाचव्यामागे मनाच्या बाई, म्हणजे कौन्सेलर. या सगळ्यांची मिळून एक सिस्टर आणि सगळ्यांवर एक छातीच्या डॉक्टर. डॉक्टरबाई ठेंगण्याठुसक्या, शांत, आणि एक प्रश्न दोनदा विचारणाऱ्या. पहिल्यांदा उत्तरासाठी, दुसऱ्यांदा खऱ्या उत्तरासाठी.

सर प्रत्येक वेळी आमच्याबरोबर यायचे आणि प्रत्येक दारात भांडायचे. फिजिओने कॅप्टनला पोटाने श्वास घ्यायला शिकवलं तर म्हणाले, "पोटाने? मग छाती काय शर्ट अडकवायला दिलीय?" आहारतज्ज्ञ मुलगी नवीन होती, तिला म्हणाले, "तुम्ही स्वतः काही खाता का?" मनाच्या बाईंनी विचारलं, घरात कुणाला ताण वगैरे आहे का. सर म्हणाले, "आमच्या घरात ताण नाही. शिस्त आहे." मनाच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हसणाऱ्या फुप्फुसांकडे पाहिलं.

एकाच खोलीत सरांचं कौतुक व्हायचं, ती सिस्टरची. दम्याच्या मुलांना दोन पंप असतात. निळा पंप धाप लागली की घ्यायचा. दुसरा रोजचा, बरं वाटत असलं तरी घ्यायचाच. तोच खरं तर आजार आटोक्यात ठेवतो. कॅप्टनला त्याचे सकाळी चार दाब आणि संध्याकाळी चार दाब, प्लास्टिकच्या नळकांड्यातून. मला सकाळी लवकर दुकानात जायचं असतं, नवरा लिफ्ट अडकेल तिकडे धावतो. म्हणून रोजचा पंप सरांच्या ताब्यात. वेळ म्हणजे वेळ. कॅप्टनला घेऊन गॅलरीत जायचे, दार लावून घ्यायचे. दार कशाला लावता विचारलं तर म्हणाले, "औषधाच्या वेळी पोरीचं लक्ष इकडेतिकडे नको." पंपाच्या पाठीवर किती दाब उरले त्याचा आकडा असतो. सिस्टर दर महिन्याला तो बघायची. एकही दाब चुकलेला नसायचा. "सगळ्यांच्या घरी असे आजोबा असते तर आमचं निम्मं काम वाचलं असतं," ती म्हणायची आणि सर छातीत हवा भरून घ्यायचे.

आणि तरीही कॅप्टनची फुंकर मशीनच्या तळाशीच राहायची. खोकला थांबत नव्हता, गोळ्या सुटत नव्हत्या. दिवस संपला की हे सगळे तज्ज्ञ एका लांब टेबलाभोवती चहा-बिस्किटं घेऊन बसतात आणि एकेका मुलाबद्दल बोलतात, मग त्या घरच्यांना आत बोलावतात. आम्हाला आत बोलावलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, घर स्वच्छ आहे, धूळ नाही, मांजर नाही, घरात कुणी सिगारेट ओढत नाही, औषध पूर्ण जातंय. तरी आजार हलत नाही. मग आता इंजेक्शनचा विचार करावा लागेल. दर पंधरा दिवसांनी, हॉस्पिटलात येऊन, काही वर्षं. ज्याला गरज आहे त्याच्यासाठी औषध उत्तम आहे, पण उगाच कुणी घ्यावं असं नाही. कॅप्टन हे ऐकून टेबलाखाली गेली. ॲलर्जीच्या खोलीतल्या टाचणीएवढ्या सुयांनाच ती इतकी घाबरली होती की माझ्या दंडावर तिच्या नखांचे वळ राहिले होते. टेबलाखालून तिला काढायला फिजिओला स्वतः आत शिरावं लागलं.

"पण त्याआधी आमचा एक नियम आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. इंजेक्शन सुरू करण्याआधी काही आठवडे रोजचा पंप घरी ठेवायचा नाही. तो शाळेत वर्गशिक्षिकेकडे राहील. शाळेत शिरताना आणि शाळा सुटताना त्या स्वतःच्या डोळ्यांसमोर देतील. सुट्टीच्या दिवशी आईने द्यायचा आणि पंप आईच्या पर्समध्ये.

सर लाल झाले. "म्हणजे माझ्यावर संशय?"

"संशय कुणावरच नाही. सगळ्यांना हाच नियम आहे."

"चाळीस वर्षं मी मुलं सांभाळलीत."

"म्हणून तर आता थोडी विश्रांती घ्या," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पुढच्या मुलाला बोलावलं. सर घरी येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत, आणि त्याबद्दल मी डॉक्टरबाईंची मनोमन ऋणी झाले.

पंप शाळेत गेला. सुरुवातीला काहीच फरक पडला नाही. मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं की घरात काहीतरी हरवल्यासारखं वाटतंय, आणि ते म्हणजे खोकल्याचा आवाज. मग कॅप्टन जिना पळत चढायला लागली. आणि मग ती बोलायला लागली. म्हणजे बोलायची आधीही, पण दोन शब्द आणि थांबा, दोन शब्द आणि थांबा. मला वाटायचं, माझी मुलगी अबोल आहे, बापावर गेली. आता शाळेतून आली की दप्तर न काढता सुरू व्हायची ते जेवण होईपर्यंत. कुणी कुणाचा डबा सांडला, कोण कुणाशी कट्टी आहे, बाईंच्या साडीला मागे खडू कसा लागला होता. अशी बडबडी पोर माझ्या घरात इतकी वर्षं होती आणि मला पत्ता नव्हता. मी भांडी घासता घासता ऐकायचे आणि डोळ्यांतून पाणी यायचं. कांदा नसतानाही.

याच दिवसांत सरांचं मात्र काहीतरी बिनसलं. सकाळचं फिरणं त्यांनी बंद केलं. का, तर हवा चांगली नाही. खुर्चीत बसून झोपायला लागले. का, तर पाठीसाठी उत्तम. जिन्यात प्रत्येक मजल्यावर थांबून शेजाऱ्यांच्या भिंतींची ओल तपासायला लागले. पहिल्या मजल्यावरच्या काकू मला म्हणाल्या, तुझे सासरे आमच्या भिंतीला हात लावून उभे असतात, त्यांना सांग, घर विकायचं नाहीये. मला वाटलं, पंप काढून घेतला तो अपमान पोटात राहिलाय. खरं सांगायचं तर मला थोडी गंमतही वाटली. माणसाने कधीतरी तोंड बंद ठेवून भिंतीकडे बघावं.

ठरलेल्या दिवशी आम्ही सगळे हॉस्पिटलात गेलो. नवऱ्यानेही अर्धी रजा घेतली होती. कॅप्टनने नळीत अशी फुंकर मारली की मशीनवाल्या बाई ओरडायच्याच विसरल्या. सगळ्या दारांतून आम्ही हसतमुखाने बाहेर पडलो आणि शेवटी लांब टेबलापाशी जाऊन बसलो. मोठ्या खुर्च्या तज्ज्ञांनी घेतल्या होत्या, म्हणून आम्ही लहान खुर्च्यांवर. सरांचे गुडघे कानांपाशी आले होते.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "इंजेक्शनची गरज नाही. साध्या पंपाने एवढा फरक पडतोय तर हा आजार आम्हाला वाटला तसा हट्टी नाहीच." मी नवऱ्याचा हात धरला. सगळे हसले. आहारतज्ज्ञ मुलीने बिस्किटांची बशी आमच्याकडे सरकवली. आणि मग मनाच्या बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे घरी औषध पोटात जात नव्हतं."

"फुप्फुसात," फिजिओने चूक सुधारली.

आकडा तर बरोबर उतरत होता. म्हणजे पंप दाबला जात होता, पण औषध पोरीत शिरत नव्हतं. डॉक्टरबाई कॅप्टनकडे वळल्या. "कॅप्टन, घरी तू पंप नीट घेत होतीस ना?"

मी मध्ये पडले. म्हटलं, माझी मुलगी तसली नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाईल पण खोटेपणा करणार नाही. ती आणि तिचे आजोबा रोज वेळेवर, दार लावून, शिस्तीत. बोलता बोलता माझा आवाज चढला. डॉक्टरबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न कॅप्टनला पुन्हा विचारला.

कॅप्टनने एकदा आजोबांकडे पाहिलं. मग टेबलाकडे बघत ती म्हणाली, "मी हवेत मारायचे."

सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. पुष्कळ मुलं करतात म्हणे असं. मनाच्या बाई म्हणाल्या, कुणी रागावणार नाही, फक्त का ते आपण हळूहळू बोलू. सिस्टर नाराज झाली, कारण तिच्या लाडक्या आजोबांना पोरीने हातोहात फसवलं होतं. हिवाळ्यातले ते निळे ओठ डोळ्यांसमोर आले. ही पोर जाणूनबुजून औषध हवेत उडवत होती आणि मी हिच्या उशाशी बसून देवाला नवस बोलत होते. मला रडावं की तिच्या पाठीत धपाटा घालावा ते कळेना.

तेवढ्यात सरांची खुर्ची कुरकुरली. ते उठायला गेले, खुर्ची त्यांच्याबरोबर उठली, नवऱ्याने ती खाली ओढली. सर उभे राहिले, ताठ होण्यापुरता श्वास त्यांना मिळाला नाही, म्हणून टेबलावर हात टेकून ते म्हणाले, "खोटं बोलतेय ती. निम्मं मी घ्यायचो."

आहारतज्ज्ञ मुलीचं बिस्किट चहात बुडालं आणि तिथेच राहिलं.

मग तुकड्यातुकड्याने सगळं बाहेर आलं. गेल्या हिवाळ्याच्या बरंच आधी एकदा सर कॅप्टनला शाळेतून आणत होते. तिचं दप्तर त्यांच्या खांद्यावर. दुसऱ्या मजल्यावर त्यांचा श्वास अडकला तो सुटेचना. तशी धाप त्यांना बरीच वर्षं लागत होती, पण कुणाला कळू दिलं नव्हतं. पायरीवर बसले. कॅप्टनला इतकं माहीत होतं की धाप लागली की पंप द्यायचा. तिने दप्तरातला निळा पंप काढून त्यांच्या तोंडाला लावला, आणि मोठ्या माणसासारखं सांगितलं, हळू ओढा, धरून ठेवा, सोडा. छाती मोकळी झाली. मग घरी गॅलरीत तिनेच रोजचा पंप पुढे केला. म्हणाली, हा रोज घेतला की तसं होत नाही. त्या दिवसापासून चारातले दोन तिचे, दोन त्यांचे. कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. तिने ते पाळलं.

"तुम्ही डॉक्टरांकडे का गेला नाहीत?" सिस्टरने विचारलं.

"कुठल्या तोंडाने जाणार?" सर म्हणाले. "अख्ख्या गावाला छाती काढायला शिकवली मी."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण तिला चार लागतात हे मी तुमच्यासमोर सांगितलं होतं."

"मला वाटलं, चार सांगताय म्हणजे दोन हवेत," सर म्हणाले. "मीही दहा फेऱ्यांसाठी वीस सांगायचो. शिकलेला माणूस दुप्पटच सांगतो. पोरं निम्म्यावर थांबतात हे तुम्हालाही माहीत असणार, असं मला वाटलं."

फिजिओच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला, जे त्या खोलीत फारच वाईट दिसलं. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, मी पळवत नाही कुणाला. मी चार म्हणते तेव्हा चारच."

कॅप्टन एकदम रडायला लागली. "आजोबा, आपलं ठरलं होतं ना. मी सांगितलं होतं ना हवेत म्हणून. मिटलं होतं सगळं." तिला त्यांचा फार राग आला होता. एवढं मोठं वाक्य ती एका दमात बोलली आणि तिला धाप लागली नाही, हे मी तेव्हाही टिपलं. आई म्हणजे अशीच असते. मग मी तिला मांडीवर ओढून घेतली आणि तिच्या केसांत तोंड खुपसलं, कारण एवढ्या तज्ज्ञांसमोर मला माझा चेहरा दाखवायचा नव्हता.

डॉक्टरबाईंनी सरांना शर्टाची बटणं काढायला लावली आणि तिथेच छाती तपासली. बराच वेळ ऐकलं, पुढून, पाठीमागून. मग म्हणाल्या, "दमा आहे. चांगला जुना. मोठ्यांच्या डॉक्टरांना मी चिठ्ठी देते, पण आत्ता फुंकून घेऊ. आणि हा आजार घराण्यातून पुढे जातो, बरं का."

घराण्यातून. टेबलाभोवती एवढी माणसं होती, तरी मी फक्त नवऱ्याकडे पाहिलं. त्याने छताकडे पाहिलं. माझी शिंकणारी मावशी त्या क्षणी निर्दोष सुटली. इतकी वर्षं मी या दिवसासाठी वाक्यं घासूनपुसून ठेवली होती. धुणं वाळत घालताना, दुकानात काचा पुसताना, एकेक धारदार वाक्य. आज घरी गेलं की पहिलं कोणतं काढायचं याचीच मी निवड करत होते.

सर बटणं लावत होते. एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं. ते न बघताच त्यांनी विचारलं, "हिवाळ्यात तिला ऑक्सिजन लावला होता. तेव्हाही मी निम्मं घेत होतो. ते माझ्यामुळे झालं?"

डॉक्टरबाईंनी खोटं बोलायला हवं होतं असं मला वाटलं. त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "एकाच कारणाने झालं असं मला म्हणता येणार नाही. पण पूर्ण औषध असतं तर कदाचित तिथवर गेलं नसतं."

सर बाहेर गेले. मी कॅप्टनला नवऱ्याच्या मांडीवर दिली आणि त्यांच्या मागे गेले, हातात ती सगळी वाक्यं घेऊन. ते पाण्याच्या नळापाशी, हसणाऱ्या फुप्फुसांच्या खाली उभे होते आणि रडत होते. हळू नाही. मोठ्याने, नाक गळेपर्यंत, धाप लागेपर्यंत, समोर बाकावर बसलेली पोरं खेळणी सोडून बघत होती तरी. मी त्यांना आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही. मला त्यांचा राग येत होता, खूप राग, आणि त्याच वेळी त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटत होता. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. पर्समधला रुमाल दिला.

नाक पुसून ते म्हणाले, "सूनबाई, आता तिचा पंप माझ्या हातात देऊ नकोस. कधीच. मला ते जमणार नाही."

"उद्यापासून तुम्हीच द्यायचा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "नको गं. मी काय केलंय ते ऐकलंस ना तू?"

"ऐकलं, बाबा. म्हणूनच म्हणतेय. मला सकाळी दुकानात जायचं असतं. पंप कुणाच्या तरी हातात द्यावाच लागणार. आणि आता तुमच्याइतका घाबरलेला माणूस मला शोधूनही सापडणार नाही."

माझं बोलणं चढ्या आवाजातच झालं असणार, कारण बाकावरच्या एका पोराने पाठ ताठ केली. आतून मशीनवाल्या बाईंनी सरांना हाक मारली, पुढचा नंबर त्यांचा होता. त्यांनी रुमालाची घडी घातली, तो मला परत दिला आणि शर्टाचं चुकलेलं बटण तसंच ठेवून ते आत गेले.